खडीला लीड मिळतो, तसा गृहभेटीलाही हवा: दिव्यांग सेवेचा दर काढण्याची रीत

सातारा जिल्ह्यात रस्त्याचं काम निघालं की खडी कुठल्या खाणीतून येणार, किती किलोमीटर वाहावी लागणार, हे बघून त्यावर लीड, म्हणजे अंतराप्रमाणे वाहतुकीचा वाढीव खर्च, धरला जातो. कराडजवळचा रस्ता आणि कोयनेच्या खोऱ्यातला रस्ता एकाच दरात होईल असं कुणी म्हणत नाही. त्याच खोऱ्यात सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसणं) असलेल्या मुलाच्या घरी फिजिओथेरपिस्ट पाठवायची वेळ आली की मात्र प्रश्न येतो, "एका भेटीचे किती? सगळीकडे एकच दर धरा."

मी एका छोट्या संस्थेत घरपोच थेरपीचे प्रस्ताव आणि हिशेब बघते. आमचा पहिला दर मीच काढला होता आणि तो चुकला होता. एका कार्यालयात साहेबांनी कॅल्क्युलेटर पुढे ओढला. महिन्याचा पगार 25,000, कामाचे दिवस 26, दिवसाला आठ भेटी. "ताई, 120 रुपये होतात. चला, 150 धरू." मला तो हिशेब बरोबर वाटला आणि मी सही केली. आठ महिन्यांनी आमची फिजिओ सोडून गेली. नवी मिळायला चार महिने गेले. तेवढ्या वेळात मेढ्याच्या पुढच्या एका वाडीतल्या सात वर्षांच्या मुलाचे गुडघे पुन्हा आखडले. त्याला भिंतीला धरून उभं राहता यायला लागलं होतं, ते थांबलं. ही चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून सगळी रीत मांडते आहे. संस्थेत नव्याने आलेले समन्वयक, हिशेबनीस, पालक समितीचे सदस्य आणि नवे ग्रामपंचायत अधिकारी, सगळ्यांना उपयोगी पडेल.

आधी पैसा कुठला ते ओळखा

दिव्यांग सेवेसाठी येणारा सरकारी पैसा एका जातीचा नसतो, आणि दराची भाषा त्यावर ठरते. केंद्राच्या दीनदयाळ दिव्यांगजन पुनर्वसन योजनेत पैसा पदावर मिळतो. इतके विशेष शिक्षक, इतके थेरपिस्ट, प्रत्येकाचं मानधन ठरलेलं. समग्र शिक्षा अभियानात तो मुलावर मिळतो, विशेष गरजा असलेल्या एका मुलामागे वर्षाला 3,500 रुपयांपर्यंत. महिन्याला तीनशेसुद्धा होत नाहीत, तेव्हा त्या तरतुदीवर दर आठवड्याची थेरपी उभी करायचं मनात आणू नका. साधनं, प्रवासभत्ता यांना ती ठीक आहे.

तिसरा पैसा आपल्या सगळ्यांत जवळचा. ग्रामपंचायत, नगरपालिका आणि जिल्हा परिषद यांनी स्वउत्पन्नातले 5% दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. पूर्वी हे 3% होते. या पैशातून सेवा घ्यायची तर भेटीवर दर सांगावा लागतो. हा लेख मुख्यतः त्याच दराबद्दल आहे.

केंद्राच्या नॅशनल ट्रस्टचा निरामय हा आरोग्य विमा पालकाच्या हातातला आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व असलेल्यांना त्यात 1 लाखापर्यंतचं कवच मिळतं आणि थेरपीचाही त्यात समावेश आहे. एकाच भेटीचं बिल पंचायतीलाही लावलं आणि निरामयमध्येही दाखवलं, असं कधीही होऊ देऊ नका. पालकांना हे पहिल्या दिवशीच समजावून सांगा.

एकक ठरवा: भेट म्हणजे नेमकं काय

अमेरिकेत मेडिकेडच्या, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या, घरपोच सेवांमध्ये 15 मिनिटांचं एकक सर्रास वापरतात. आपल्याकडे ते चालणार नाही. वाडीवर चाळीस मिनिटं गाडी चालवत गेलेली बाई 15 मिनिटं मोजत बसणार नाही. गृहभेट हेच एकक ठेवा, पण व्याख्या लिहून काढा: मुलासोबत 45 मिनिटं थेरपी, आई-आजीला किंवा जो सांभाळतो त्याला शिकवायला 10 मिनिटं, नोंदीला 10 मिनिटं. एकूण 65.

त्या मधल्या 10 मिनिटांवर कार्यालयात हमखास बोट ठेवलं जातं. "मुलाची थेरपी 45 मिनिटं ना, मग बाकीचं कशाला?" इथे ठाम राहा. फिजिओ आठवड्यातून एकदा येते. उरलेले सहा दिवस स्नायूंचे ताण आईच देते. मांडी कुठे धरायची, गुडघा किती सावकाश सोडवायचा, मूल रडलं तर थांबायचं की धरून ठेवायचं, हे त्या 10 मिनिटांत तिच्या हाताला कळतं. फिजिओ स्वतःचा हात आईच्या हातावर ठेवून दाब दाखवते, मग हात काढून घेते आणि आईला एकटीने करायला लावते. ही मिनिटं कापलीत तर सहा दिवसांचे व्यायाम बुडतात.

दोन आठवड्यांची डायरी

दर टेबलावर काढू नका. फिजिओ किंवा विशेष शिक्षिकेला दोन आठवडे वेळेची डायरी लिहायला सांगा. एक आठवडा कोरडा आणि एक पावसाळ्यातला मिळाला तर उत्तम. आमच्याकडची जुलैमधली एका दिवसाची नोंद साधारण अशी होती:

9.10 साताऱ्यातून निघाले. 10.00 मेढा. 10.20 पहिलं घर. 11.25 निघाले. 11.50 दुसरं घर, आई भात लावणीला गेलेली, आजीला मूल उचलत नाही, निम्माच व्यायाम झाला. 1.00 डबा. 1.50 तिसरं घर, दाराला कडी. शेजारच्यांनी सांगितलं, सगळे रानात. 2.40 चौथं घर. 3.45 आशाताईंना (गावच्या आरोग्य स्वयंसेविका) भेटून पुढच्या आठवड्याचं सांगितलं. 5.15 सातारा.

आठ तासांत तीन भेटी, त्यातली एक अर्धवट. आठ भेटींचा कॅल्क्युलेटर आणि ही डायरी शेजारी ठेवलीत की वाद अर्ध्यावर येतो. मी आता प्रस्तावाला डायरीची झेरॉक्स जोडतेच. बांधकाम विभागाला मोजमाप पुस्तिकेची, म्हणजे झालेलं काम मोजून लिहायच्या वहीची, सवय आहे. ही आपली मोजमाप पुस्तिका.

वर्षाचे दिवस मोजा

पुढचे आकडे उदाहरणाचे आहेत. रीत तीच ठेवा, आकडे तुमच्या संस्थेचे घाला.

365 मधून 52 रविवार गेले, 313 राहिले. सणांच्या आणि राष्ट्रीय सुट्ट्या 14, राहिले 299. किरकोळ आणि अर्जित मिळून रजा 27, राहिले 272. महिन्याला एक दिवस बैठक आणि प्रशिक्षण, राहिले 260. म्हणजे पगार 365 दिवसांचा आणि घरं गाठायला 260 दिवस. रजा दरात धरली नाही तर रजा घेतलेल्या प्रत्येक दिवसाचं नुकसान संस्थेच्या अंगावर पडतं. मग संस्था रजा देईनाशी होते आणि माणूस निघून जातो. आमच्याकडे हेच झालं.

जावळी तालुक्यासारख्या मध्यम अंतराच्या भागात दिवसाला चार भेटी बसतात: चार वेळा 65 म्हणजे 260 मिनिटं, प्रवास 150, फोन आणि तयारी 30, जेवण 30, एकूण 470. वर्षाला ठरवलेल्या भेटी झाल्या 1,040.

त्या सगळ्या होत नाहीत. मूल आजारी, घराला कुलूप, गावची जत्रा, बाजारचा दिवस, एसटी बंद. उदाहरणापुरतं आठातली एक भेट हुकते असं धरू. प्रत्यक्ष झालेल्या भेटी 910. पुढचा सगळा भागाकार या 910 ने करायचा आहे, 1,040 ने नव्हे.

पगार म्हणजे हातात पडणारा आकडा नव्हे

25,000 च्या पगारात मूळ वेतन 15,000 धरू. वर्षाचा पगार 3,00,000. पीएफमध्ये मालकाचा वाटा प्रशासकीय खर्चासह 13%, म्हणजे महिन्याला 1,950, वर्षाला 23,400. ग्रॅच्युइटीसाठी वर्षाला 15 दिवसांचं वेतन बाजूला ठेवायचं, 26 दिवसांचा महिना धरून 8,654. बेरीज 3,32,054. आपण 3,32,000 धरू. भागिले 910, एका भेटीमागे 365 रुपये.

नवीन लोक दोन ठिकाणी चुकतात. संस्थेत माणसं कमी आहेत, पीएफ लागू नाही, म्हणून तो धरायचा नाही, ही पहिली चूक. उद्या काम वाढलं, विसावा माणूस घेतला की पीएफ लागू होतो आणि दर मात्र तीन वर्षं बांधलेला असतो. दुसरी चूक म्हणजे फिजिओला नोकरीत न घेता 'व्हिजिटिंग' म्हणून दाखवणं. मग भेट झाली तर पैसे, नाही झाली तर नाहीत, रजा नाही, वर बिलाची मर्यादा ओलांडली की 10% टीडीएस. कागदावर दर स्वस्त दिसतो. पण पावसात पाटणला जायचं की साताऱ्यातल्या दवाखान्यात बसायचं हा निर्णय तिने एकटीने, स्वतःच्या खिशाकडे बघून घ्यायचा, हे मला अन्यायाचं वाटतं.

मदतनीस किंवा काळजीवाहक नेमणार असाल तर त्यांचं वेतन किमान वेतनाखाली येत नाही ना, ते तपासा. महाराष्ट्रात किमान वेतनातला विशेष भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, बदलतो. संस्थेला ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू असेल तर 21,000 पर्यंत वेतन असणाऱ्यांसाठी मालकाचा वाटा 3.25% धरा.

बाकीचा खर्च

दुचाकी रोज 60 किलोमीटर, किलोमीटरला 5 रुपये. त्यात पेट्रोलशिवाय टायर, ऑइल, विमा आणि गाडीची झीज आली. वर्षाचे 78,000, भेटीमागे 86. नुसतं पेट्रोल दिलंत तर दोन वर्षांनी गाडी तिच्या पैशाने बदलली जाते, आणि ते कुठल्याच वहीत दिसत नाही.

देखरेख: वरिष्ठ थेरपिस्ट सहा जणांचं काम बघते, तिचा एका माणसामागचा खर्च वर्षाला 80,000 धरला तर भेटीमागे 88. हा आकडा कापायचा मोह होतो. कापू नका. पहिल्या नोकरीतल्या मुलीला चुकीच्या पद्धतीने ताण देताना कुणी बघितलंच नाही तर इजा मुलाला होते.

चटई, रोल, बॉल, पट्ट्या: भेटीमागे 20.

365, 86, 88 आणि 20 मिळून 559. त्यावर कार्यालय, ऑडिट, विमा, फोन यांचे 12%, म्हणजे 626. बिलं निघायला चार-सहा महिने लागतात, तेवढे दिवस पगार कुठून तरी द्यावा लागतो, त्यासाठी 3%. शेवटचा दर 645 रुपये.

जीएसटीबद्दल एक ओळ: भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद असलेल्या व्यावसायिकांनी सरकारी किंवा धर्मादाय नोंदणीच्या केंद्रांत दिलेल्या पुनर्वसन सेवेला सूट आहे, आणि आरोग्यसेवेलाही आहे. गृहभेट त्यात कशी बसते हे सीएकडून लेखी घ्या आणि फाइलला लावा.

लीड

आता अंतराकडे येऊ. हाच हिशेब कराड शहरासाठी करा. प्रवास 60 मिनिटं आणि 20 किलोमीटर, दिवसाला पाच भेटी, वर्षाला झालेल्या 1,137. दर येतो 467. पाटणच्या आतल्या वाड्यांसाठी करा. प्रवास पावणेचार तास, 90 किलोमीटर, दिवसाला तीनच भेटी, पावसामुळे सहातली एक हुकते, म्हणून वर्षाला 650. दर येतो 962.

467, 645 आणि 962. तीच फिजिओ, तोच पगार, तीच 45 मिनिटं. दुपटीचा फरक निव्वळ रस्त्याचा आहे.

तिन्हींची सरासरी काढून एकच दर लावला तर काय होतं? कराडात प्रत्येक भेटीमागे पैसे सुटतात आणि पाटणात प्रत्येक भेटीमागे तोटा होतो. कुणी वाईट हेतूने न वागताही वर्षभरात सगळ्या भेटी हायवेच्या कडेला सरकतात. कागदावर उद्दिष्ट पूर्ण, आणि कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या काठावरच्या मुलाकडे कुणी गेलेलं नाही. ऑस्ट्रेलियात राष्ट्रीय दिव्यांगत्व विमा योजनेच्या दरमर्यादा दर वर्षी जाहीर होतात. त्यांत दुर्गम भागाला 40% आणि अतिदुर्गम भागाला 50% वाढ दिलेली आहे. आपल्याला इतकं लांब जायचीही गरज नाही. जिल्हा परिषदेतल्या बांधकामाच्या कुठल्याही दरविश्लेषणात लीडचा रकाना सापडतो. मी प्रस्तावात तोच शब्द वापरते, 'अंतराचा लीड'. टिपणी लिहिणाऱ्याला तो लगेच कळतो.

दरासाठी गावांचे गट पाडताना तालुक्याच्या सीमेवर जाऊ नका. महाबळेश्वर तालुक्यात शहरही आहे आणि लाँचने जावं लागतं अशी गावंही आहेत. गावागणिक प्रवासाची मिनिटं बघा. किलोमीटर फसवतात, घाटातले दहा आणि माण तालुक्याच्या सपाटीवरचे दहा सारखे नसतात.

कुलूपबंद घराचे पैसे

दोनच मार्ग आहेत. हुकलेल्या भेटी दरात आधीच धरायच्या, जसं वर केलं. नाहीतर दर पूर्ण 1,040 वर काढायचा आणि कुलूप सापडलेल्या प्रत्येक फेरीचं वेगळं बिल लावायचं. दोन्ही एकदम केलंत तर एकच खर्च दोनदा लागतो, आणि ऑडिटमध्ये पकडलं गेलं की पुढचा खरा खर्चही कुणी मान्य करत नाही. मला पहिला मार्ग सोयीचा वाटतो. वेगळं बिल लावलं की कुलपाचा फोटो, शेजाऱ्याची सही असले प्रकार सुरू होतात आणि ते घरच्यांना अपमानाचे वाटतात.

हुकणाऱ्या भेटींची कारणं मात्र नोंदवत राहा. माणमधली मेंढपाळ कुटुंबं दिवाळीनंतर कळप घेऊन बाहेर पडतात. त्या काळात तिथे भेटी ठरवून उपयोग नाही, त्या आधीच्या महिन्यांत वाढवाव्यात. लावणीच्या दिवसांचं मी प्रस्ताव पाठवायच्या आधी एका आईला विचारलं. ती म्हणाली, "ताई, सकाळी सातला या. मी नवाला रानात जाते. तुम्ही साडेदहाला येता तेव्हा घरात म्हातारीच असते." फिजिओ ताईंशी बोलून आम्ही जुलैमध्ये त्या बाजूच्या भेटी सातला सुरू केल्या आणि बदल्यात त्यांना दुपारी तीनला सुट्टी दिली. दर ठरवताना दोन-तीन घरांत जाऊन बसा, आणि ज्यांना बोलता येतं त्या दिव्यांग व्यक्तींना स्वतःला विचारा. दिवस आणि वेळ त्यांच्याकडूनच बरोबर कळते.

पैसा पुरतो का ते बघा

एका ग्रामपंचायतीचं स्वउत्पन्न, म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी वगैरे, वर्षाला 6 लाख आहे असं समजा. 5% म्हणजे 30,000. 645 ने भागलं तर 46 भेटी. एका मुलाला आठवड्याला एक भेट, तीही पूर्ण वर्ष नाही. म्हणून एकट्या गावासाठी फिजिओ नेमण्याचा प्रस्ताव घेऊन जाऊ नका. शेजारची पाच गावं एकत्र आली तर 232 भेटी होतात, एकाच रस्त्यावर असली तर प्रवास वाटला जातो आणि दर खाली येतो. यासाठी प्रत्येक गावाचा स्वतंत्र ठराव लागतो. पंचायत समितीने पुढाकार घेतला तर काम सोपं होतं, आणि उरलेला भाग जिल्हा परिषदेच्या सेस फंडातून, म्हणजे तिच्या स्वतःच्या उत्पन्नातून, मागता येतो.

पुष्कळ गावांत हा 5% निधी दिव्यांगांच्या खात्यात सारखा वाटला जातो. तो पैसा थेरपीकडे वळवा असं परस्पर सुचवू नका. पन्नाशीतल्या अस्थिव्यंग माणसाला त्या दोन-तीन हजारांत औषधं घ्यायची असतात. ग्रामसभेत सगळ्यांसमोर विषय मांडा, आणि गावातले दिव्यांग नको म्हणाले तर तिथे दुसरा निधी शोधा.

कागद आणि घासाघीस

प्रस्तावाला दरविश्लेषणाचं एक पान, डायरी, गावांची अंतरासह यादी, थेरपिस्टच्या नोंदणीची प्रत आणि लाभार्थ्यांचे यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्राचे) क्रमांक जोडा. कार्यालय तीन दरपत्रकं मागवून सर्वांत कमी दर घेणार असेल तर आधीच लेखी विनंती करा: भेटीची व्याख्या आणि किमान वेतन सगळ्यांना सारखं बंधनकारक ठेवा. नाहीतर 20 मिनिटांत निघून जाणाऱ्याचा दर कमीच येणार. दरवर्षीच्या वाढीचं कलम पहिल्याच करारात घाला. तीन वर्षं बांधलेल्या दरात तिसऱ्या वर्षी पगारवाढ देता येत नाही.

"थोडं कमी करा" हे ऐकावं लागणारच. तेव्हा दराला हात लावू नका, भेटींची संख्या कमी करा आणि ती कुणाची कमी होणार हे नावानिशी सांगा. "साहेब, 30,000 ऐवजी 24,000 असतील तर 37 भेटी होतील. उरलेल्या नऊ आठवड्यांत या मुलाकडे कुणी जाणार नाही." दर 520 वर आणून 46 भेटी कबूल केल्यात तर त्या 46 नीट होणार नाहीत, आणि तुम्हाला ते सही करतानाच माहीत असेल. पालकांकडून वर थोडे घेऊ, ही सूचना कुठूनही आली तरी नाही म्हणा.

मंजुरी मिळाल्यावर भेटवही तीन रकान्यांची ठेवा: आल्याची वेळ, गेल्याची वेळ, घरच्यांची सही किंवा अंगठा. निधी कशावर खर्च झाला हे सांगणारं उपयोगिता प्रमाणपत्र मार्चअखेर घाईत लिहिण्याऐवजी दर तिमाहीला बेरीज मारून ठेवा. दिवाळी झाली की वही उघडा, झालेल्या भेटींनी वर्षाचा खर्च भागा आणि आलेला आकडा मंजूर दराशेजारी लिहा. पुढच्या अंदाजपत्रकाच्या चर्चेला जाताना तेच पान सोबत न्या.